पाचव्या शीलाची वाट चौथ्या शीलावरून जाते

दारू सोडलेल्या माणसाला आपण एकच प्रश्न विचारतो, "आता घेत नाहीस ना?" तो "नाही" म्हणतो, आपण "शाब्बास" म्हणतो आणि विषय संपला असे समजतो. माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. पिणारा माणूस लपवून आणतो, लपवून पितो, लपवून पैसे काढतो आणि वेलची चघळत घरात शिरतो. दहा-पंधरा वर्षे रोज हे केले की लपवणे ही दारूइतकीच मुरलेली सवय होते. दारू एका दिवशी बंद करता येते. लपवण्याची सवय मात्र त्या दिवशी बंद होत नाही, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा प्यायला लागतो तो पुष्कळदा हिच्याच वाटेने.

दारूने यकृत सडते, संसार मोडतो, कर्ज होते, हे आपल्या वाचकांना पाठ आहे. त्यावर इथे पुन्हा लिहीत नाही. आज सांगायचे आहे ते असे की, दारू सोडणाऱ्याने लपवाछपवीही सोडली पाहिजे, आणि ती सोडता येईल अशी जागा घराने, विहाराने आणि मंडळाने त्याला दिली पाहिजे. आज ती जागा आपण देत नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत काय लपते?

वस्तीतले घर दहा बाय दहाचे, फार तर दहा बाय पंधराचे. त्यात पाच-सहा माणसे. अशा घरात काही लपणार नाही असे वाटते, तरी बाटली लपते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत देशी ओतलेली असते. मोरीच्या फळीमागे, सिलिंडरच्या आड, पोटमाळ्यावरच्या गोधड्यांत, पत्र्याच्या फटीत पव्वा असतो. रिक्षावाल्याच्या सीटखाली असतो, दुचाकीच्या डिकीत असतो. सार्वजनिक संडासाकडे जाता-येता माणूस एकटा असतो, तेवढ्यात एक नव्वद पोटात जाते. ओव्हरटाइमचे पैसे घरात सांगितले जात नाहीत. गुत्त्यावर उधारीचे वेगळे खाते असते. आता तर मोबाईलवरून पैसे दिले की मेसेज पुसायचे कामही वाढले आहे.

पिणाऱ्या बायकाही आपल्या वस्तीत आहेत, हे मान्य करायला हवे. अंगदुखीवर किंवा झोपेसाठी म्हणून सुरुवात होते. त्यांचे लपवणे पुरुषांपेक्षा खोल असते, कारण पुरुषाला लोक "पितो" एवढेच म्हणतात, बाईला काय काय म्हणतील याची तिला धास्ती असते. म्हणून ती दवाखान्यातही तोंड उघडत नाही, आणि आजार हाताबाहेर गेल्यावर कळते.

आता खरी गोष्ट. एवढ्याशा खोलीत घरच्यांना सगळे माहीत असते. बायकोला पावलांच्या आवाजावरून कळते, पोरांना दार वाजवण्यावरून कळते. लपतो तो आकडा. किती घेतली, सकाळी किती वाजता सुरू केली, कोणाकडून उसने घेतले, किती देणे झाले. माणूस हा आकडा घरापासून लपवतो, मग दोस्तांपासून आणि शेवटी स्वतःपासूनही. "मी काही रोज घेत नाही" असे तो म्हणतो, तेव्हा कित्येकदा त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसलेला असतो.

दारू गेली तरी उरते ते

दारू सोडून पंधरा दिवस झालेल्या माणसाच्या घरात बघा. पत्र्याच्या फटीतला एक पव्वा तसाच असतो. "मी पिणार थोडाच आहे, राहिलाय तो राहिलाय." पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घडी घातलेली एक नोट असते, तिचा घरात कोणाला पत्ता नसतो. गुत्त्याची उधारी फेडायची बाकी असते आणि तिचे नाव निघत नाही. कामावरून सुटायला सहा वाजतात, पण घरात तो साडेसहाच सांगतो, कारण अर्धा तास मोकळा ठेवायची सवय आहे. त्या अर्ध्या तासात तो आज पीत नाही, नाक्यावर नुसता उभा राहतो. फोन उपडा ठेवतो. कुठे होतास विचारले की खरे सांगण्यासारखे असूनही दुसरेच काही सांगतो, आणि आपण असे का बोललो हे त्यालाही कळत नाही.

यात दारू कुठेच नाही, म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. पण मेंदू दारूबरोबर दारूच्या आधीच्या गोष्टीही शिकून ठेवतो. ठरावीक वेळ, ठरावीक नाका, खिशातली चोरून ठेवलेली नोट, कोणी बघत नाही ना म्हणून वळलेली मान, या सगळ्या मेंदूला दिलेल्या खुणा असतात. वर्षानुवर्षे या खुणांनंतर दारू मिळत आली आहे. त्यामुळे खूण दिसली की घोट घेण्याआधीच मेंदू तयारीला लागतो आणि तलफ उठते. ही तलफ बहुधा थोड्या वेळात ओसरते. पण जवळ लपवलेला पव्वा असेल, कोणाला माहीत नसलेली नोट असेल आणि कोणी वाट बघत नसलेला अर्धा तास असेल, तर ती ओसरायला वेळच मिळत नाही.

म्हणून लपवलेला पव्वा नुसता पडून आहे असे समजू नये. "न पिण्याचा निर्णय अजून पक्का झालेला नाही" असे तो सांगत असतो.

काही जण दारूच्या जागी दुसरे काही आणतात आणि तेही लपवतात. झोपेच्या गोळ्या, गांजा, खोकल्याचे औषध गरजेपेक्षा जास्त. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असते. आयुर्वेदिक आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असतात, त्यांतही थोडे अल्कोहोल तयार झालेले असते. दारू सोडलेल्या माणसाने कोणतेही औषध घेण्यापूर्वी "मी दारू सोडली आहे" हे डॉक्टरांना आणि औषधवाल्याला आधी सांगावे. चार शब्दांचे काम आहे, पण लपवण्याच्या सवयीला ते फार जड जाते.

डॉक्टरांपासून लपवलेला आकडा जिवावर बेततो

लपवण्याचा सगळ्यात मोठा धोका दवाखान्यात असतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद झाली, तर शरीर बिथरते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. याला भूतबाधा, करणी किंवा "दारू डोक्यात गेली" समजून घरात बांधून ठेवू नका. हा आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत.

आता विचार करा. एखादा माणूस पाय मोडला म्हणून सरकारी रुग्णालयात भरती होतो. डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" तो म्हणतो, "कधीतरी, सणासुदीला." बायको शेजारी उभी असते, तीही मान डोलावते, कारण चारचौघांत नवऱ्याची अब्रू राखायची असते. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटून पळू लागतो. काय झाले हे शोधण्यात डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो. खरा आकडा पहिल्याच दिवशी कळला असता, तर औषधे आधीच सुरू झाली असती. जास्त पिणाऱ्यांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते वेळेवर, गरज असेल तर इंजेक्शनमधून, मिळाले नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना रोजची मात्रा सांगा, शेवटचा घोट केव्हा घेतला ते सांगा, आधी कधी झटके आले होते का ते सांगा. डॉक्टर तुम्हाला नीतीचे मार्क द्यायला बसलेले नाहीत, त्यांना औषध ठरवायचे असते.

याच कारणाने, रोज भरपूर पिणाऱ्याने "उद्यापासून बंद" असे मनाशी ठरवून, कोणाला न सांगता, एकट्याने सोडू नये. गुपचूप सोडणे ही लपवाछपवीच आहे, आणि ती जिवाला धोक्याची आहे. आधी डॉक्टरांकडे जा, मग सोडा.

घरच्यांनी चालवलेली लपवाछपवी

लपवतो तो एकटा पिणारा नाही. बायको तांदळाच्या डब्यात पैसे लपवते. ती मुकादमाला फोन करून "यांना ताप आहे" सांगते. आई माहेरच्यांपासून लपवते. पोरगी शाळेत लपवते, मैत्रिणींना घरी आणत नाही. हे सगळे संसार वाचवण्यासाठी चाललेले असते. त्या माउलीला दोष देणे अन्याय होईल. तांदळाच्या डब्यातले पैसे तर तिने लपवावेतच, पोरांच्या पोटाचे ते पैसे आहेत. पण नवऱ्याच्या वतीने खोटे बोलण्याचे काम तिच्या गळ्यात का पडावे? तिने कामावर खोटे सांगितले की त्याच्या पिण्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही, तिला मोजावी लागते.

घरच्यांची एक लपवाछपवी मात्र स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगितली पाहिजे. "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर, गाड्यांवर, मोबाईलवर असतात. पुड्या विकल्या जातात. काही जणी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून नवऱ्याच्या आमटीत घालतात. त्या पुड्यांत काय असते ते विकणाराच जाणे. आणि गोळी डायसल्फिरामची असेल, तर तिचे कामच असे आहे की तिच्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. गोळी थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला गोळीची माहितीच नाही तो नेहमीसारखा प्यायला जाणार आणि जीव धोक्यात घालणार. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. शिवाय दुसरा तोटा आहे. आमटीतली गोळी एक दिवस उघडकीला येतेच. मग घरात जो थोडा विश्वास उरला होता तोही संपतो, आणि तो म्हणतो, "तुम्ही माझ्यापासून लपवता, मग मी का नको?"

आपण एवढे लपवतो का?

याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहेत.

पहिले कारण बाहेरच्यांची नजर. वस्ती म्हटली की दारू, असे म्हणणारे कमी नाहीत, आणि त्या म्हणण्यात जातीचा विखार किती असतो ते आपल्याला ठाऊक आहे. बंगल्यात काचेच्या ग्लासात ओतली की ती पार्टी, आणि वस्तीत ओतली की व्यसन. खरे पाहता दारू कोणत्या एका जातीची किंवा वस्तीची नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केलेले देशभराचे सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, असे त्यात दिसले. दारूवाचून राहू न शकणाऱ्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही मदत किंवा उपचार मिळाले होते. म्हणजे लपवण्याचा रोग साऱ्या देशाला आहे. पण आपल्याला वाटते, आपले उघडे पडले तर समाजाचे नाव खराब होईल. त्या नावासाठी आपण घरातल्या बाईला गप्प बसवतो. समाजाची अब्रू तिच्या गप्प बसण्यावर उभी करणे मला मान्य नाही.

दुसरे कारण आपली प्रतिज्ञा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू पिणार नाही, ही त्यांतली एक. ती आपल्या घरांची ताकद आहे, कित्येक घरे तिच्यामुळे उभी राहिली. पण प्रतिज्ञा मोडणाऱ्याला आपण एकच शिक्षा ठेवली, लाज. लाजेने माणूस पिणे थांबवतो असे थोडेच आहे? लाजेने तो दारामागे पितो. रविवारी वंदनेला पहिल्या रांगेत बसतो आणि पाचवे शील खालच्या आवाजात म्हणतो.

बावीस प्रतिज्ञांत खोटे बोलणार नाही अशीही प्रतिज्ञा आहे, हे आपण विसरतो. पंचशीलात तर खोटे न बोलण्याचे शील चौथे आहे आणि नशा न करण्याचे पाचवे. हा क्रम काही कोणी दारू सोडवण्यासाठी लावलेला नाही. पण दारू सोडणाऱ्याला तो फार उपयोगी आहे. पाचवे शील पाळायचे आणि चौथे सोडून द्यायचे, असे जमत नाही. खोटे चालू राहिले की दारू परत येते.

मज्झिम निकायात तथागतांनी राहुलला केलेला एक उपदेश आहे. विषय आहे खोटे बोलणे. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याच्यात साधुत्व एवढेसेच उरते, असे ते सांगतात. पुढे आरशाची उपमा देतात. काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर त्याकडे आरशात बघावे तसे बघ. आणि चुकीचे काही घडले असेल, तर ते गुरूला किंवा जाणत्या सोबत्याला उघड करून सांग आणि पुढे जप. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे धम्मग्रंथ सांगितले, त्यांत राहुलला खोट्याविषयी केलेला हा उपदेश आहे. या उपदेशात चूक करणाऱ्याला हाकलून द्या असे कुठे नाही. त्यात म्हटले आहे ते एवढेच, की उघड करून सांग.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खुसंघ पवारणा करतो. माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका असेल तर मला सांगा, असे प्रत्येक भिक्खू संघाला विनवतो. चीवरधारी भिक्खूंनाही सोबत्यांची नजर लागते, तर नुकती दारू सोडलेल्या रंगाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला ती लागणारच.

मग करायचे काय?

सगळ्या वस्तीला सांगत सुटा, असे मी म्हणत नाही. उपचाराची गोष्ट खासगी ठेवण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. खासगी ठेवणे वेगळे, लपवणे वेगळे. खासगी गोष्ट निदान दोन-तीन योग्य माणसांना ठाऊक असते. लपवलेली गोष्ट कोणालाच ठाऊक नसते. त्या दोन-तीन माणसांत एक घरातला असावा, एक बाहेरचा न पिणारा जाणता माणूस असावा, आणि एक डॉक्टर किंवा समुपदेशक. बायकोवर पहारेकऱ्याचे काम टाकू नका. तिने आधीच पुष्कळ सोसले आहे.

पहिल्या आठवड्यात सगळ्या लपवायच्या जागा दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन रिकाम्या करा. एकट्याने केलेल्या साफसफाईत एक जागा हमखास राहते. सापडलेली दारू मोरीत ओता. "पाहुण्यांसाठी", "मालिशसाठी", "विकून टाकू" या नावाखाली ठेवू नका. ज्या बाटलीत ओतून पीत होता ती बाटली आणि तो पेलाही टाका.

उधारीची यादी करा. गुत्ता, दोस्त, बचत गट, सावकार, सगळे लिहा. आकडा बघून घरात भांडण होईल, ते होऊ द्या. लपवलेले कर्ज माणसाला आतून खाते, आणि वसुलीवाला पुन्हा त्याच नाक्यावर बोलावतो. गुत्त्याची उधारी फेडायला एकट्याने जाऊ नका, सोबत कोणी न्या किंवा दुसऱ्याच्या हाताने पाठवा.

पैसे उघडे ठेवा. पगार किती, ओव्हरटाइम किती, हे घरात सांगा. खिशात गाडीभाड्यापुरते ठेवा. ही शिक्षा समजू नका. पहिले काही महिने तलफेच्या वेळी खिसा रिकामा असणे हे औषधच आहे.

वेळ उघडा ठेवा. सुटायची खरी वेळ सांगा, घरी यायचा रस्ता बदला, उशीर होणार असेल तर फोन करा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी तलफ जास्त उठते. म्हणून सुटल्याबरोबर काहीतरी खा. साधी गोष्ट आहे, पण नाक्यावरून पुढे जायला पोटात पडलेला वडापाव मदत करतो.

आणि लहान खोटे पकडा. दिवसात एखादे खोटे निघून गेले असेल, तर झोपण्यापूर्वी ते दुरुस्त करा. "मघाशी बस चुकली म्हणालो, तसे नव्हते, मी नाक्यावर उभा होतो." असे वाक्य पहिल्यांदा बोलताना घसा कोरडा पडतो. दहाव्यांदा पडत नाही. घरच्यांनी त्या वेळी एवढेच करावे, की "सांगितलेस, बरे झाले" म्हणावे. खरे बोलल्याबद्दल तासभर बोलणी बसली, तर उद्या तो खरे बोलणार नाही.

खरे सांगितले म्हणजे सगळे माफ, असेही नाही. बायकोने माफ करावे, लगेच विश्वास ठेवावा, अशी सक्ती कोणी करू नये. विश्वास परतायला महिने, कधी वर्षे लागतात. आणि मारहाण होत असेल तर तो दारूचा प्रश्न म्हणून झाकायचा नाही. तिने ११२ वर फोन करावा, मंडळाने तिच्या बाजूने उभे राहावे.

पाय घसरला तर

सोडल्यानंतर पाय घसरणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. एकदा प्यायला म्हणून सगळे संपत नाही. संपते ते लपवल्यामुळे. पहिला पव्वा लपवायला दुसरे खोटे लागते, खोटे पचवायला दुसरा पव्वा लागतो. त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत, त्या दोन-तीन माणसांपैकी एकाला सांगितले, तर घसरलेला पाय सावरतो.

लपवून घसरण्यात आणखी एक धोका आहे. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून माणूस लांबच्या अनोळखी गुत्त्यावर जातो, मिळेल ते पितो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलमिश्रित दारूची लक्षणे कित्येक तासांनी दिसू शकतात. प्यायल्यानंतर डोळ्यांपुढे धुके आले, पोटात कळा आल्या, श्वास जोरात चालू लागला, तर घरात पडून राहू नका. काय प्यायलो ते सांगून ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा. उपचार लवकर झाले तर डोळे आणि जीव वाचू शकतात.

विहाराकडे आणि मंडळाकडे मागणे

आपल्याकडे दारू सोडलेल्याचा महिन्याभरात सत्कार होतो, व्यासपीठावर शपथ होते, फोटो निघतो. हेतू चांगला असतो. पण ज्याच्या गळ्यात हार पडला तो दुसऱ्या महिन्यात घसरला, तर सांगणार कोणाला? तो हारच त्याचे तोंड बंद करतो. म्हणून माझी विनंती आहे, की पहिल्या वर्षात सत्कार नको. त्याऐवजी दहाव्या दिवशी, विसाव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी चहाला जा. "कसा आहेस, तलफ येते का, झोप लागते का" एवढे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. ते उत्तर वस्तीभर करू नका.

काही जण म्हणतील, लाज काढली नाही तर लोक उघड प्यायला लागतील. पण इतकी वर्षे लाज काढूनच पाहिली आहे. त्याने दारू दारामागे गेली, वस्तीतून गेली नाही. पिण्याला आपला विरोध कायम राहील, गुत्त्याविरुद्ध महिला मंडळांचा लढाही चालूच राहील. मागणे एवढेच आहे, की जो सोडू पाहतो त्याला खरे बोलण्याची किंमत मोजावी लागू नये. जुने लोक म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. या मुठीत सव्वा लाख नसून देणी आहेत. ती उघडली तरच फिटतील.

मदत जवळ आहे. सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात व्यसनावर उपचार होतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मोफत असतात, मराठीतही चालतात, आणि तिथे बोलणारे सगळे याच वाटेने आलेले असतात. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या फलकावर हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. आणि ज्या घरात कोणी नुकती दारू सोडली आहे, त्या घरी आज पत्र्याच्या फटीत हात घालून बघा. दोघांनी मिळून बघा.

जयभीम.